आमच्या रस्त्याचं पहिलं गिऱ्हाईक

रायपूरच्या गोल बाजारापासून निघणाऱ्या आमच्या रस्त्यावर चाळीस वर्षं जेवढी दुकानं उघडली, त्या सगळ्यांचं पहिलं गिऱ्हाईक एकच माणूस होता, आणि तो माणूस म्हणजे माझे साडभाऊ. यात अतिशयोक्ती असेलच तर दोन-चार दुकानांची. साडभाऊ अमरावतीला लग्नाला गेलेले असताना जी उघडली, ती. त्यातल्या एकाने तर पूजा आटोपून शटर पुन्हा खाली ओढलं आणि हे परत येईपर्यंत दोन दिवस दुकान बंद ठेवलं, असं सांगतात. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे, हे यजमान. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे. मी त्यांना साडभाऊ म्हणतो, तेही मला साडभाऊच म्हणतात. घरात कोणी लांबून नुसतं 'साडभाऊ' अशी हाक मारली तर आम्ही दोघंही 'ओ' देतो.

ते रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होते. उंचीने बेताचे, चालताना मान उजव्या खांद्याकडे कललेली, जणू बाजूने चालणारा कोणी हळू आवाजात काही सांगतो आहे. त्यांच्या कीर्तीची सुरुवात एका स्टीलच्या डब्यापासून झाली. लग्नाच्या पहिल्या वर्षी ताईंनी त्यांना डबा आणायला पाठवलं आणि ते त्याच सकाळी उघडलेल्या भांड्यांच्या दुकानात शिरले. भाव केला नाही, सुट्टे पैसे मोजून ठेवले, 'अच्छा चलेगा सेठ' म्हणाले आणि निघून आले. ते दुकान असं चाललं की तीन वर्षांत सेठने दोन्हीकडच्या भिंती पाडून शेजारचे गाळे आत घेतले. सेठ गावभर सांगत सुटला, 'हाथ है भाई, रेलवेवाले बाबू का हाथ है!' पुढच्या दिवाळीत एका कापडवाल्याने घरी येऊन मिठाईचा डबा ठेवला आणि हात जोडले. तेव्हापासून नवं दुकान काढणारा प्रत्येक जण आधी ब्राह्मणाला मुहूर्त विचारायचा आणि मग साडभाऊंना विचारायचा की त्या मुहूर्ताला त्यांची ड्यूटी तर नाही ना.

दुकानाच्या पहिल्या विक्रीला नागपूरकडे भवानी म्हणतात, आम्ही रायपूरची माणसं हिंदीच्या संगतीने बोहनी म्हणतो. या बोहनीचे साडभाऊंचे कडक नियम होते. प्रेस केलेला पांढरा शर्ट. रिकाम्या पोटी जायचं नाही. उधारी नाही, घासाघीस नाही. आणि सगळ्यांत जाचक नियम म्हणजे घेतलेली वस्तू वापरलीच पाहिजे, नाहीतर दुकानाचा अपमान होतो. आता रस्त्यावर उघडणारी सगळी दुकानं काही डब्यांची नसत. खेळाच्या सामानाच्या दुकानातून त्यांनी उड्या मारायची दोरी आणली आणि तिच्यावर ताईंनी पंधरा वर्षं कपडे वाळवले. लग्नपत्रिकांच्या दुकानातून पन्नास कोऱ्या पत्रिका आणल्या, तेव्हा घरात लग्नाचं कोणीच नव्हतं. मग आम्हा नातेवाइकांना दोन वर्षं त्यांची पत्रं त्या पत्रिकांवर येत. सोनेरी किनार, वर गणपती, आणि खाली, 'तुमच्या ताईचा खोकला बरा आहे. तुमच्याकडचा गहू कसा निघाला ते कळवणे.' बक्षिसाच्या ढाली आणि कप विकणारं दुकान निघालं तेव्हा त्यांनी एक ढाल घेतली आणि दर दिवाळीला घरातल्या एका माणसाला ती जाहीर करून देऊ लागले. एका वर्षी ती मला मिळाली. कशाबद्दल, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारायचं मला धाडस झालं नाही.

रस्ता बदलू लागला, कापडवाले एकेक करून पंडरीच्या कापडबाजारात गेले आणि त्यांच्या गाळ्यांतून खाण्याची दुकानं निघू लागली, तेव्हा साडभाऊंची खरी परीक्षा झाली. ते पक्के वरणभातवाले. पण बोहनीला नाही म्हणायचं नाही. रस्त्यावर पहिलं चायनीज निघालं तेव्हा त्यांनी एक वाटी सूप मागवलं, डोळे मिटून संपवलं आणि मालकाला म्हणाले, 'हमारे घर में बुखार आने पर यही देते हैं. बहुत हल्का है. चलेगा.' पिझ्झा पहिल्यांदा खाऊन आले तेव्हा ताईंनी विचारलं, 'कसा होता जी?' तर म्हणाले, 'भाकर चांगली होती. पिठलं तेवढं बाजूले वाढायचं सोडून वरूनच सांडलं होतं पोट्ट्यांनी.' कॉफीच्या एका चकचकीत दुकानात पेल्यावर लिहायला काउंटरवरच्या मुलीने नाव विचारलं, तर पार्सल ऑफिसच्या सवयीने त्यांनी स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, मोहल्ला आणि जवळचं स्टेशन एवढं सगळं सांगितलं. तिने बिचारीने ते लिहून घेतलं. पेला खालपर्यंत भरला होता म्हणे, अक्षरांनी.

हे सगळं मी हसत हसत कितीतरी लोकांना सांगितलं आहे. जे सांगितलं नाही ते आता सांगतो. त्यांच्या हातात काही नव्हतं. जे होतं ते डोळ्यांत होतं.

आमंत्रण आलं की साडभाऊ आधी त्या गाळ्याच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहत. एक दिवस सकाळी, एक दिवस दुपारी, एक दिवस दिवे लागताना. माणसं कोणत्या बाजूने चालतात, चार वाजता ऊन कोणत्या पायरीवर येतं, बाया कुठे थांबून पिशवी या हातातून त्या हातात घेतात, सगळं बघत. मग मालकाला बाजूला घेऊन हळूच सांगत, 'सेठ, काउंटर बाएँ तरफ़ ले लो.' किंवा, 'ये काँच मत लगाओ, धूप मारेगा.' मालक ते करत आणि दुकान चाललं की श्रेय हाताला देत. साडभाऊंनी कधी दुरुस्ती केली नाही. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, 'अक्कल सांगितली तर लोकाले राग येते, साडभाऊ. हात म्हटलं की चालते.'

मी सिंचन विभागातून निवृत्त झालो. माझ्या मुलाला हॉटेलच्या धंद्याची आवड होती, नोकरीत मन नव्हतं. मी ठरवलं, त्याला वऱ्हाडी जेवणाचं हॉटेल काढून द्यायचं. त्याच रस्त्यावर, पहिल्या मजल्यावर जागा मिळाली, भाडं कमी होतं. मुलगा म्हणत होता, थोडं थांबू, खालची जागा बघू. मी ऐकलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या फाइली पुढे सरकवणाऱ्या माणसाला एकदा स्वतःच्या सहीने काही करायचं होतं. साडभाऊ नेहमीप्रमाणे तीन दिवस पलीकडे उभे राहिले. चौथ्या दिवशी घरी आले, पाणी प्याले आणि म्हणाले,

'साडभाऊ, ही जागा घेऊ नका जी.'

'काहून?'

'बावीस पायऱ्या आहेत. भूक लागलेला माणूस जिना चढत नाही. आणि एखाद्या वेळी चढला, तर दुसऱ्या वेळी चढत नाही.'

'वर बसून खाणारे लोक आता सगळीकडे आहेत. रायपूर बदललं आहे.'

'रायपूर बदललं, गुडघे तेच आहेत न.'

मला राग आला. माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिच्यासमोर मी म्हणालो, 'तुम्ही बोहनीचं पाहा. जागेचं मी पाहतो.' ते पेला खाली ठेवून निघून गेले. उद्घाटनाच्या दिवशी पांढरा शर्ट घालून वेळेवर आले, बावीस पायऱ्या मध्ये एकदा थांबून चढले, पूर्ण थाळी जेवले, सगळ्यांसमोर माझ्या मुलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, 'पोट्ट्याच्या हाताले चव आहे.' आपण आधी काय म्हणालो होतो, याचा एक शब्द त्यांनी कोणाजवळ काढला नाही. ताईंजवळसुद्धा नाही.

हॉटेल अकरा महिने चाललं. चाललं म्हणजे उघडं राहिलं. ज्या दिवशी बोर्ड उतरवला त्या दिवशी समोरच्या पानठेल्यावर मी आणि माझा मुलगा उभे होतो. ठेल्यावर तीन-चार दुकानदार होते, सगळे ओळखीचे. एकाने विचारलं, 'क्या हुआ बाबूजी? खाना तो बढ़िया था आपका.' मुलगा माझ्याकडे पाहत होता. त्याने मला दोष दिला नव्हता, त्या दिवशीही नाही, आधीही नाही. मला एवढंच म्हणायचं होतं की जागा चुकली, मी चुकलो. तोंडाशी आलंही होतं. आणि मी म्हणालो,

'क्या बताएँ. बोहनी ही ऐसे हाथ से हुई.'

कोणीतरी हसलं. कोणीतरी 'अरे, रेलवेवाले बाबू?' असं विचारलं, आणि मी मान हलवली. झालं ते एवढंच. एक वाक्य आणि एक मान हलवणं. मुलगा पुढच्या महिन्यात नोकरीसाठी पुण्याला गेला.

ते दिवस रस्त्यासाठी वाईट होते. शहराबाहेर मॉल झाले होते, रस्त्यात दुभाजक बसला होता, गाडी लावायला जागा उरली नव्हती, आणि मोबाइलवर घरबसल्या सगळं मागवायची लोकांना सवय लागत होती. कॅसेटवाला आधीच गेला होता, मग वह्या-पुस्तकवाला गेला, बूटवाला गेला. प्रत्येक जण कारण शोधत होता आणि मी ते आयतं आणून दिलं होतं. हिशेब किती सोपा होता पाहा. ज्या माणसाने सगळ्यांचीच बोहनी केली, त्याच्यावर सगळ्यांच्याच बुडण्याचा आळ घेता येतो. कोणतंही दुकान बंद झालं की लोक आठवून बघत, आणि साडभाऊ तिथेही पहिले निघत.

त्याच वर्षी मोबाइलचे कव्हर विकणाऱ्या एका दुकानाचं त्यांना बोलावणं होतं. मी त्या वेळी रस्त्यावर होतो, म्हणून पाहिलं. साडभाऊ पांढऱ्या शर्टात कोपऱ्यावरून वळले. मालकाने त्यांना लांबून पाहिलं आणि शटर अर्धं खाली ओढलं. 'अभी पूजा बाकी है अंकल, बाद में आइए,' तो आतून वाकून म्हणाला. आत अगरबत्ती विझून गेलेली दिसत होती. साडभाऊ म्हणाले, 'हाँ हाँ, आराम से.' थोडा वेळ तिथेच उभे राहिले, घड्याळ पाहिलं, आणि ज्या वाटेने आले त्याच वाटेने गेले. मी पानठेल्याच्या आडोशाला होतो. बाहेर आलो नाही.

त्यानंतर ते रस्त्यावर दिसेनासे झाले. गोल बाजारात भाजीला जायचं तर मागच्या गल्लीतून फिरून जात. घरी मात्र पहिल्यासारखेच होते. दिवाळीला ढाल दिली, एकदा ताईंना, एकदा दूधवाल्याला. मी मनाला समजावलं की म्हातारपण आहे, पाय दुखत असतील. अशी सहा वर्षं काढली.

गेल्या हिवाळ्यात ताई आमच्याकडे आल्या होत्या. बोलता बोलता माझ्या बायकोला म्हणाल्या, 'मले एकशे तीन ताप होता न, तं हे सकाळी औषध आणाले गेले. पाच मिनिटांचं काम, यायले पाऊण तास लागला. मी म्हटलं, काहून जी एवढा वेळ? तं म्हणे, मेडिकलवाल्याची बोहनी व्हायची होती. दुसरं कोणी गिऱ्हाईक येऊन जाईपर्यंत हे बाहेरच उभे.' माझी बायको म्हणाली, 'बाई! असं काहून?' ताई म्हणाल्या, 'आता कुठेच आधी आत नाही जात. किराण्यात नाही, सलूनमध्ये नाही. म्हणतात, आपल्या हातून लोकाचं वाईट नको व्हायले.'

मी उठून बाहेरच्या खोलीत गेलो. सहा वर्षं मी समजत होतो की रस्ता त्या वाक्यावर विश्वास ठेवतो आहे. ते वाक्य त्यांच्याच अंगात जाऊन बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी ठरवून रस्त्यावर गेलो. ज्यांच्यासमोर बोललो त्यांच्यासमोरच शब्द परत घ्यायचा होता. पानठेला नव्हता, पालिकेच्या अतिक्रमणवाल्यांनी कधीच उचलला होता. ठेल्यावर उभ्या असलेल्यांपैकी एक वारला होता, दुसऱ्याने गाळा विकला होता आणि भनपुरीकडे गोदाम घेतलं होतं. तिसऱ्याच्या दुकानाच्या जागी केकचं दुकान होतं. मी तिथल्या मॅनेजरला सांगू लागलो की या रस्त्यावर एक रेल्वेवाले बाबू येत असत, त्यांच्याबद्दल एक खोटी गोष्ट पसरली होती, ती मी पसरवली होती. त्याने नम्रपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'जी अंकल. एगलेस में दूँ?' आणखी चार ठिकाणी गेलो. कोणी साडभाऊंना ओळखत नव्हतं. कोणाला त्यांचा हात चांगला आठवत नव्हता, वाईटही आठवत नव्हता. ज्यांच्याजवळ खोटं बोललो होतो ते सगळे निघून गेले होते. ऐकणारा एकच उरला होता, आणि त्याच्याकडे जाणं मी टाळत होतो.

रस्त्याच्या वळणावर एक बाई चीला आणि फऱ्याचं लहानसं हॉटेल सुरू करत होती. तांदळाच्या पिठाचं आपलं साधं छत्तीसगढी खाणं, आधी लोक घरी खात, आता बाहेर जाऊन खातात. उघडायच्या दिवशी सकाळी मी साडभाऊंकडे गेलो आणि म्हटलं, चला, जरा चक्कर मारून येऊ. कुठे जायचं आहे याचा त्यांना अंदाज आला होता. तरी माझा मान ठेवून आले. शर्ट पांढरा नव्हता, राखी होता.

हॉटेलसमोर पोहोचलो तेव्हा आत कोणी नव्हतं. बाई तव्यावर तेल फिरवत होती. साडभाऊ बाजूच्या विजेच्या खांबाजवळ थांबले.

'तुम्ही जा आत. मी येतो मागून.'

'साडभाऊ, मले काही सांगायचं आहे,' मी म्हटलं. आणि सांगितलं. बावीस पायऱ्या, पानठेला, ते वाक्य, मान हलवली ते. शटर खाली आलं तेव्हा मी आडोशाला होतो, तेही. मला वाटलं होतं माझा आवाज कापेल. कापला नाही. कार्यालयातला अहवाल वाचल्यासारखा तो सपाट येत राहिला, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली.

ते समोर पाहत होते. म्हणाले, 'मले माहीत होतं.'

'कधीपासून?'

'त्याच दिवसापासून. पानवाल्यानंच सांगितलं.'

'मग बोलले काहून नाही? मले दोन शिव्या तरी द्यायच्या.'

'तुमच्या बाजूले पोट्टा उभा होता म्हणे. त्याच्यासमोर तुम्ही दुसरं काय म्हणणार होते?'

मी म्हटलं, 'पण ते खोटं होतं जी. तुमच्या हाताचा काही संबंध नव्हता. पायऱ्या होत्या.'

'तुमचं खोटं असेल,' ते शांतपणे म्हणाले. 'बाकीची दुकानं तर बंद झालीच न.'

आम्ही दोघं खांबाजवळ उभे राहिलो. ते दुसऱ्या गिऱ्हाइकाची वाट पाहत होते आणि मी त्यांची. पंधरा मिनिटं गेली असतील. दोन म्हातारे दाराशी असे पहारा दिल्यासारखे उभे असल्यावर दुसरं कोणी आत जाणार तरी कसं. शेवटी बाहेर का उभे म्हणून त्या बाईनेच आतून हाक मारली, 'आवव न कका, बाहिर काबर ठाढ़े हव?'

साडभाऊ दोन पावलं पुढे आले. 'बाई, बोहनी हो गई क्या आपकी?'

'बोहनी?' ती हसली. 'कबके हो गे कका. बिहनिया ले तीन ठन आर्डर मोबाइल म आ गे.'

'पहला किसने लिया?'

'का जानँव. कोनो घर ले मँगाइस होही.'

सकाळपासून मोबाइलवर तीन ऑर्डरी आल्या होत्या, पण पहिली कोणाची ते तिला माहीत नव्हतं आणि त्याचं तिला काही वाटतही नव्हतं. साडभाऊ बराच वेळ तिच्या मोबाइलकडे पाहत राहिले. तो पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला होता. मग माझ्याकडे वळून म्हणाले, 'म्हणजे हात कोणाचाच नाही.' त्यांच्या चेहऱ्यावर सुटका होती, पण थोडं ओशाळलेपणही होतं. चाळीस वर्षं इस्त्रीचा शर्ट घालून आपण ज्या कामाला गेलो ते काम आता कोणी करत नाही, हे त्यांना त्याच क्षणी कळलं असावं. मला कळलं.

आत जाऊन आम्ही चीला खाल्ला. चटणी तिखट होती, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी ते पुसलं नाही, मीही पाहिलं नाही. ताईंसाठी दोन फरे बांधून घेतले. उठताना म्हणाले, 'उद्या याल काय, साडभाऊ? एकट्यानं खायले बरं नाही वाटत.'

आता आम्ही रोज सकाळी तिथे जातो. वाटेत ते मला सांगतात की या काचेच्या दारामागे आधी कोणाचं दुकान होतं आणि त्याच्याआधी कोणाचं. मला काही आठवत नाही, मी हो हो करतो. मोबाइल असो की नसो, हॉटेलच्या दाराशी आलं की ते अजून एक पाऊल मागे राहतात आणि मला पुढे करतात. मी आधी आत जातो. मागे वळून पाहत नाही. पाहिलं तर ते बाहेरच थांबतात.